ओवीची देवघेव

गोड फळ एकट्याने खाल्ले तरी ते गोडच लागते. आवडलेल्या गाण्याचे मात्र तसे नसते. ते कानी पडताच कोणाला तरी ऐकवावे, अशी ओढ माणसाच्या मनास लागते. शेजारच्याचा हात धरून ‘हे ऐक’ असे म्हटल्यावाचून त्याला चैन पडत नाही. आणखीही एक भेद आहे. फळ वाटले की देणाऱ्याच्या वाट्याचे कमी होते. गाणे वाटले तर ते देणाऱ्याजवळ राहून घेणाऱ्याजवळही जाते. आणि घेणाऱ्याच्या गळ्यातून ते पुन्हा ऐकू येते तेव्हा त्यावर एखादा नवा रंग चढलेला असतो.

आज गाणे मिळविण्यास श्रम पडत नाहीत. बोटाने स्पर्श करावा, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचे गाणे खिशातल्या यंत्रातून ऐकू यावे, असा हा काळ आहे. पण ज्या काळी खेड्यात छापील पुस्तक क्वचित दिसे, रेडिओचे नावही कोणी ऐकले नव्हते, आणि बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती, त्या काळीही परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या खेड्यांत गाण्यांचा तोटा नव्हता. एकेका बाईस कितीतरी गाणी मुखोद्गत असत. ही गाणी कोठून येत? नवे गाणे कोण करी, आणि ते या गावचे त्या गावी कसे जाई? या प्रश्नांची उत्तरे घराच्या एका कोपऱ्यात मांडलेल्या जात्यापाशी सापडतात.

परभणी जिल्हा हा काळ्या जमिनीचा मुलूख. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या आसऱ्याने येथील शेती पिकते. ज्वारीची भाकरी हे येथील पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. ज्वारीचे पीठ फार दिवस साठवून ठेवता येत नाही. शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण हे रोजचेच काम होते, आणि ते घरातील स्त्रियांच्या माथी होते. दिवस उगवल्यावर शेत, पाणी, सरपण आणि चूल यांतून उसंत मिळत नसे. त्यामुळे अंगणात काळोख असतानाच सासूसुना उठत, सुपात ज्वारी घेत आणि जात्याशी बसत.

जाते म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोल दगड. खालचा स्थिर, वरचा फिरता. वरच्या दगडाच्या मध्यावर धान्य घालण्याचे तोंड, आणि कडेला लाकडाचा खुंटा. तोंडात मूठभर धान्य घालावयाचे, त्यास वैरण म्हणत. दगड झिजून गुळगुळीत झाले की पाथरवट येऊन त्यांस टाकी लावून जाई. दोघी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हाती असे. एकीने ओढावे, दुसरीने ढकलावे. दगड जड, झोप अपुरी, आणि पुढे सारा दिवस उभा. अशा वेळी दोघींचे हात एका लयीत चालावे, श्रमांचा विसर पडावा, यासाठी कोणीतरी सूर काढी. एक चरण एकीने म्हणावा, तो दुसरीने उचलावा, असे करता करता सुपातील धान्य संपे आणि पूर्वेस उजाडे.

या गाण्यास ओवी म्हणतात. ओवी हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदापासून आला, असे मानतात. फुले दोऱ्यात ओवावी, तसे शब्द सुरात ओवावयाचे. तिची घडणही सोपी. तीन चरणांना यमक जुळलेले, आणि चौथा चरण आखूड. हे गाणे किती जुने असावे? चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात नमूद आहे. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका लिहिली, तीही ओवी छंदातच. घराघरांत घुमणारा छंद ज्ञानेश्वरांसारख्या महाकवीने उचलला आणि त्यात तत्त्वज्ञान भरले. ओवीची देवघेव अशी फार पूर्वीच सुरू झालेली होती.

याच जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. लहानपणीच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी आल्या, आणि जन्मभर तेथे दळणकांडण, झाडलोट करीत राहिल्या. त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल जात्यावर बसे, अशी श्रद्धा आहे. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथे जनाबाईंचे म्हणून दाखविले जाणारे जाते आजही यात्रेकरू पाहतात. त्या कथेतील देव राजवाड्यात येत नाही. तो पहाटेच्या काळोखात, दमलेल्या दासीच्या समोर येऊन बसतो आणि खुंट्याला हात लावतो. ही कल्पना ज्या स्त्रियांनी जतन केली, त्यांना दळणाचे कष्ट ठाऊक होते, आणि समोर सोबतीला कोणी बसले म्हणजे ते कष्ट किती हलके होतात, हेही ठाऊक होते.

जनाबाईंचे अभंग त्यांच्या नावाने ओळखले जातात. जात्यावरच्या ओव्यांना मात्र कर्त्याचे नाव नसे. त्या रचणाऱ्या बाईने कोणाची परवानगी घेतली नाही, कोणाकडे विद्या शिकली नाही, आणि कोणाच्या बक्षिसाची वाट पाहिली नाही. मनात आले ते तिने लयीत बसविले. पहिली ओवी देवाला वाहिली की पुढे तिला मोकळे रान असे. मग ती आईची माया गाई, भावाची वाट पाही, बाळाचे कौतुक करी, पंढरीची वारी आठवी, पाऊस लांबला म्हणून मेघराजाला विनवी. ज्या गोष्टी सासरी कोणापाशी बोलता येत नसत, त्याही ती जात्याला सांगे. नवऱ्याचा अबोला, सासूचा जाच, माहेरच्या मुराळ्याची न संपणारी प्रतीक्षा, हे सारे ओवीत येई. ऐकणाऱ्याला वाटे, ही सीतेचे दुःख गाते आहे. गाणारीला ठाऊक असे की सीतेच्या आडून आपणच बोलत आहोत. दगडाची घरघर इतकी मोठी की शब्द उंबऱ्याबाहेर जात नसत, आणि समोर बसलेल्या जावेला ते पुरते कळत असत.

आता हे गाणे गावोगाव कसे पोहोचे, ते पाहण्यासारखे आहे. पाथरीकडची मुलगी लग्न होऊन गंगाखेडकडे गेली, तर तिच्या बरोबर लुगडी आणि भांडी जात. पण आईच्या जात्यावर ऐकलेल्या ओव्याही जात. त्यांना गाडीत जागा लागत नसे. सासरी पहिल्या पहाटे सासू नवी सून काय गाते म्हणून कान देई. सुनेने आपल्या गावची ओवी म्हणावी, सासूने आपल्या गावची म्हणावी, आणि काही दिवसांत दोन्ही गावांच्या ओव्या एका जात्यावर नांदू लागाव्यात. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी झोक्याखाली जमत, तेव्हा दहा गावांच्या ओव्यांची अदलाबदल होई. कापूस वेचताना, पाणवठ्यावर, लग्नाच्या हळदीत, वारीच्या वाटेवर हीच देवघेव चाले. एखादी ओवी आवडली की बाई म्हणे, ‘पुन्हा म्हण गं.’ दुसऱ्यांदा ऐकली की ती तिची झाली.

मात्र ती जशीच्या तशी राहत नसे. मूळच्या ओवीत दुसऱ्या कोणाच्या भावाचे नाव असे, तेथे ती आपल्या भावाचे नाव घाली. गावाचे नाव बदले, नदीचे नाव बदले, कधी एखादा चरणच नवा होई. अशा रीतीने जुने गाणे सांभाळता सांभाळता नवे गाणे जन्मास येई. सांभाळणे आणि नवे करणे ही दोन कामे वेगळी आहेत, असे पुष्कळांना वाटते. जात्यावर ती एकाच हाताने होत असत.

म्हणूनच जग बदलले तशी ओवीही बदलली. आगीनगाडी आली, तेव्हा ती ओवीत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या समाजाला स्वाभिमानाने उभे केले, त्या समाजातील स्त्रियांनी त्याच जुन्या चालीवर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग दळणाच्या ओवीत बुद्धाचेही नाव आले. परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीत, अशा ओव्यांचे १९९६ मध्ये ध्वनिमुद्रण झाले. ज्या स्त्रियांना शतकानुशतके कोणी बोलू दिले नव्हते, त्यांनी आपला इतिहास कोणत्याही ग्रंथाची वाट न पाहता स्वतःच गाऊन ठेवला होता.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. डोक्यावर डबा घेऊन जावे, आणि थोड्या वेळात दळण घेऊन परतावे. स्त्रियांच्या खांद्यांना आणि हातांना विसावा मिळाला, पहाटेची झोप मिळाली. जात्याचे कष्ट ज्यांनी सोसले, त्यांच्यापैकी एकीलाही ते परत यावेत असे वाटणार नाही, आणि कोणी तसे इच्छूही नये. परंतु ज्या दाराने हा विसावा घरात आला, त्याच दाराने ओवी हळूहळू बाहेर पडली. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात गाता येत नाही. समोर बसून खुंटा धरणारी सोबतीण उरली नाही. जाते परसात गेले, कोठे तुळशीपाशी पडून राहिले. लग्नात हळद दळण्यापुरती त्याची आठवण राहिली. ओवी ज्यांच्या स्मरणात होती, त्या स्त्रिया म्हाताऱ्या होत चालल्या, आणि सुनांना तिचे कारण पडेना. एक म्हातारी गेली, की तिच्या बरोबर शेकडो ओव्या जात. आणि काय गेले, हे घरातही कोणास कळत नसे.

हे धन जाण्यापूर्वी वेचून ठेवावे, असे काही थोर माणसांना वाटले. साने गुरुजींनी ठिकठिकाणच्या मायबहिणींकडून ओव्या मिळविल्या आणि १९४० मध्ये ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांचा अभ्यास केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे महाराष्ट्रातील लोकगीते गोळा करण्यास आपले आयुष्य वाहिले. अशी माणसे इतर देशांतही झाली. १९०४ मध्ये हंगेरीतील बेला बार्टोक या तरुण संगीतकाराच्या कानी एका मोलकरणीचे गाणे सहज पडले. मोठमोठ्या सभागृहांतील संगीत शिकलेला तो तरुण थबकला. पुढे तो आपला मित्र कोदाय याच्याप्रमाणेच फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडला, आणि शेतकऱ्यांची हजारो गाणी त्याने टिपली. मोठा शोध नेहमी दूरच्या बेटावरच लागतो असे नाही. तो शेजारच्या खोलीतही लागतो, मात्र कान उघडे हवेत.

ओव्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या हातून झाले. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे. १९७२ मध्ये ते भारतात आले आणि पुण्यास स्थायिक झाले. या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या सुमारे १,१०,००० ओव्या मिळविल्या. हा आकडा केवढा? रोज एक ओवी म्हणावयाची ठरविली, तर त्या साऱ्या संपावयास तीनशे वर्षे लागतील. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीतशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले, आणि सुमारे १२० तासांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. पॉइतवाँ २००४ मध्ये आणि हेमाताई २०१० मध्ये निवर्तल्या. तरी काम थांबले नाही. ग्रामीण भारताच्या जीवनाची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संस्थेने ८ मार्च २०१७ पासून, म्हणजे महिला दिनापासून, त्या ओव्या जगापुढे आणण्यास आरंभ केला.

या संग्रहात आणखी एक मोलाची गोष्ट घडली. शतकानुशतके बिननावाने गाणाऱ्या स्त्रियांची नावे आणि गावे त्यात लिहिली गेली. परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. सीतेचा वनवास त्यांनी ज्या आर्ततेने गाइला, ती आर्तता शिकवून येत नाही. ताडकळसच्या एका खेडूत बाईचा तो सूर आता दूरदूरच्या देशांतील माणसेही ऐकू शकतात. जी ओवी उंबऱ्याबाहेर जात नव्हती, ती समुद्रापार गेली.

ओव्या मिळविणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येई. ‘तुमच्या ओव्या सांगा’ असे म्हटले, की म्हातारी संकोचाने म्हणे, ‘आमचं कसलं गानं, माय? ते दळताना म्हणायचं.’ आपल्याजवळ कोणी मागावे असे काही आहे, हेच तिला ठाऊक नसे. कारण ते तिच्याकडे कोणी कधी मागितलेच नव्हते. मग जाते मांडावे, मूठभर ज्वारीची वैरण घालावी, खुंटा तिच्या हाती द्यावा. हात फिरू लागला, की वीस वर्षे न आठवलेली ओवी ओठांवर येई, तिच्या मागून दुसरी येई. तिचे डोळे भरून येत. कधी ती मध्येच हसे. गाणे हरवलेले नव्हते. ते आत कोठेतरी मागणाऱ्याची वाट पाहत बसले होते.

जुन्या ओवीची आवड धरावयाची म्हणून नव्या गाण्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. आज एखाद्या खेड्यातील मुलगा आपल्या शेतावर, आपल्या आईवर, आपल्या गावच्या दुष्काळावर स्वतःच शब्द जुळवितो, स्वतःच चाल लावतो, आणि कोणत्याही मोठ्या कंपनीच्या दारी न जाता ते गाणे मित्रांना ऐकवितो. त्याला ते नवे वाटते, आणि ते नवे आहेही. तरी त्याच्या आजीच्या आजीने पहाटेच्या काळोखात हेच केले होते. फरक इतकाच, की तिच्या समोर एकच श्रोती होती, आणि तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याला ती चूक टाळता येईल. आवडलेले गाणे पुढे देताना ते कोणाचे, कोणत्या गावचे, हे सांगावे. देणाऱ्याचे नाव सांगितल्याने घेणाऱ्याचा आनंद उणा होत नाही.

नुसत्या आवडीने गाणे जगत नाही. कोणी तरी ते मागावे लागते, आणि कोणी तरी ते द्यावे लागते. ज्या घरी जात्यावर बसलेली आजी किंवा पणजी अजून आहे, त्या घरच्या मुलाने वा मुलीने एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बसून एवढेच विचारावे, ‘आजी, तू जात्यावर काय म्हणत होतीस?’ ती आधी ‘आता कुठलं आठवतं’ असे म्हणेल. तेव्हा उठू नये, थोडे थांबावे. तिचा हात नकळत गोल फिरू लागेल, आणि एक जुना सूर उमटेल. तो नीट ऐकावा, वहीत उतरून घ्यावा, वर तिचे नाव आणि तिचे माहेर लिहावे. आणि मग तो दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाला तरी म्हणून दाखवावा.